काळे पडलेले टिळक

लोकमान्यांचा जन्म आमच्या रत्नागिरीचा. त्यांच्या १५० व्या जयंतीनिमित्त २००७ साली निघालेलं शंभर रुपयांचं प्रूफ नाणं सासऱ्यांनी जपून ठेवलंय. परवा नणंदेला फोटो पाठवला, तर टिळक काळेठिक्कर!

"वहिनी, चांदी काळवंडली. दंतमंजनानं घासा!"

मैत्रिणींनो, डबीतून नाणं काढलंही होतं हो मी! पण प्रूफ नाण्याची जमीन (साडीची म्हणतो ना, तशी) आरशासारखी, अन् चेहरा दुधी. जमिनीत वरचं पांढरं छत उतरलं, म्हणून चेहरा काळा. मोबाइलच्या मागे काळी शाल धरली, खिडकीचा उजेड बाजूनं घेतला. जमीन काळीभोर, टिळक लख्ख! घासलं असतं तर त्या आरशावर कायमचे ओरखडे उठले असते.