जहाजावरील रेघ

लोखंडाचा लहानसा खिळा पाण्यात टाकला की तो तत्काळ तळाशी जातो. परंतु त्याच लोखंडाचे हजारो टन वजनाचे जहाज पाण्यावर डौलाने तरंगते. हे कसे घडते? याचे उत्तर नुसत्या वजनात नाही, घनतेत आहे.

एखाद्या पदार्थाच्या एक घन सेंटीमीटर आकारमानात जितके ग्रॅम वस्तुमान सामावलेले असते, तितकी त्याची घनता होय. गोड्या पाण्याची घनता १ असते, तर लोखंडाची सुमारे ७.९. पाण्याहून अधिक घनतेची वस्तू बुडते व कमी घनतेची तरंगते. खिळा भरीव असतो, म्हणून तो बुडतो. जहाज मात्र पोकळ असते. लोखंड, माल आणि पोटातील हवा या सर्वांच्या एकूण वस्तुमानास जहाजाच्या आकारमानाने भागले, तर येणारी सरासरी घनता पाण्याहून कमी भरते.

जहाजात माल चढू लागला, की आकारमान तेवढेच राहते. पण वस्तुमान वाढते. त्याबरोबर सरासरी घनता वाढते आणि जहाज अधिकाधिक खोल जाते. अशा जहाजात वादळी लाटांचे पाणी सहज शिरते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील काही लोभी मालक जहाजांत बेसुमार माल भरीत. जहाजाचा विमा उतरविलेला असे. त्यामुळे ते बुडाले तरी मालकाचे फारसे बिघडत नसे. प्राण जात ते गरीब खलाशांचे!

पार्लमेंटचे सभासद सॅम्युअल प्लिमसॉल यांना हा अन्याय पाहवेना. १८७३ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून तो लोकांपुढे मांडला. अखेर १८७६ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांच्या बाजूवर भारमर्यादेची रेघ काढणे सक्तीचे झाले. तरीही ती कोठे काढावी, हे मालकच ठरवीत. १८९० च्या कायद्याने त्यांची ही मोकळीकही संपली.

आज समुद्रावर जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर अशा अनेक रेघा असतात. त्यांपैकी गोड्या पाण्याची रेघ खाऱ्या पाण्याच्या रेघेहून थोडी वर असते. याचे कारण घरीही पाहता येते. पेलाभर पाण्यात ताजे अंडे सोडले, तर ते तळाशी बसते. त्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळविले, की ते हळूहळू वर येते. अंडे तेच असते. वाढते ती पाण्याची घनता. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असते. म्हणून समुद्रातील जहाज नदीत शिरले, की त्यातील माल न वाढताही ते किंचित खाली जाते. हा फरक जाणूनच त्यात किती माल भरावा, हे ठरवावे लागते.

पेल्यातील अंड्याला जो नियम लागू, तोच महासागरातील जहाजाला. तो नियम पूर्वीही ठाऊक होता. पण त्याप्रमाणे रेघ ओढली गेली, तेव्हाच खलाशांच्या जिवाला आधार मिळाला.