पिंजऱ्यातल्या माशाचा स्कर्व्ही

गाय, शेळी, कुत्रा, मांजर यांना कोणी रोज आवळा किंवा लिंबू देत नाही. तरीही त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, कारण क जीवनसत्त्व त्यांचे यकृतच तयार करते. माणसाला ते जमत नाही. साखरेपासून हे जीवनसत्त्व बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याला जे विकर लागते, ते त्याच्या शरीरात नसते. माकडे आणि गिनीपिग याच पंगतीतले. ताटात येणारे बहुतेक मासेही याच पंगतीत बसतात, आणि कोळंबीलाही गरजेपुरते क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही.

नदीतल्या माशाचे त्यावाचून अडत नाही. शेवाळ, पाण्यातले बारीक जीव, किडे यांतून त्याची गरज भागते. अडचण येते ती माशाला दाटीने कोंडून फक्त पोत्यातले खाद्य घालू लागल्यावर.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कॅटफिश मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. तेथे पिंजऱ्यांत वाढवलेल्या माशांचे कणे वाकू लागले, काहींचे मोडलेही. ‘मोडकी पाठ’ असेच या विकाराचे नाव पडले. खाद्यातले क जीवनसत्त्व कमी पडल्याने हे होते, असे अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे लोवेल यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. चारच वर्षांनी, १९७७ मध्ये, लाइटनर आणि सहकाऱ्यांनी कोळंबीतला असाच विकार नोंदवला. कवचाखाली काळे डाग पडत आणि कोळंबी मरत असे. त्याला ‘काळा मृत्यू’ म्हटले गेले.

माणसाचा स्कर्व्ही माहीत असलेल्या डॉक्टरला यात नवल वाटणार नाही. हाड, त्वचा, रक्तवाहिन्या यांना घट्ट धरून ठेवणारे कोलॅजन म्हणजे तीन पेडांचा दोर. तो पक्का वळला जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर खलाशांच्या जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माशाचा कणा स्नायूंचा ताण सहन करू शकत नाही. कोळंबीला तर वाढताना पुन्हा पुन्हा कवच टाकून नवे धरावे लागते. वाकलेला कणा मग पुन्हा सरळ होत नाही, आणि असा मासा बाजारात कोणी घेत नाही.

गरज मात्र फार थोडी आहे. बहुतेक माशांना किलोभर खाद्यात ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व पुरते, म्हणजे जवळपास एका संत्र्यात असते तेवढे. कोळंबीला साधारण दुप्पट. पण ते टिकवायचे कसे? खाद्य बनवताना लागणारी वाफ आणि उष्णता, मग हवा, दमटपणा, खनिजांतले तांबे आणि लोह, सगळेच त्याच्या मुळावर उठतात. उरलेसुरले पाण्यात विरघळते. कोळंबी तर खाद्याचा दाणा पायांत धरून सावकाश कुरतडते, त्यामुळे तो तेवढा वेळ भिजतच राहतो. म्हणून कारखाने पूर्वी गरजेच्या कितीतरी पट जीवनसत्त्व घालत. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूला फॉस्फेट जोडले. हे रूप उष्णतेला आणि हवेला बऱ्यापैकी दाद देत नाही. आतड्यातले विकर फॉस्फेट सोडवते आणि जीवनसत्त्व मोकळे होते. इतकी सोपी युक्ती क्वचितच सापडते.

महाराष्ट्रात धरणांच्या जलाशयांत पिंजरे टाकून पंगस आणि तिलापिया वाढवले जातात. पालघर, रायगडच्या किनाऱ्यावर वनामी कोळंबीची तळी आहेत. पिंजऱ्यातल्या माशाला पोत्याबाहेरचे फारसे काही मिळत नाही. त्यामुळे लेबलवर क जीवनसत्त्व कोणत्या रूपात आहे आणि खाद्य कधी बनले, हे वाचणे महत्त्वाचे. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये महिनोन्महिने पडलेले पोते स्वस्तात मिळाले तरी महागच पडते. पोती सावलीत, फळीवर आणि कोरडी ठेवावीत.

अनेक जण साधी पावडर पाण्यात कालवून खाद्यावर चोळतात. तिचा बराच भाग तळ्याच्या पाण्यालाच मिळतो. जास्त मात्रेने प्रतिकारशक्ती वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे, पण ‘पांढऱ्या ठिपक्यांवर उपाय’ म्हणून कोणी डबा पुढे केला तर तो घेऊ नये. तो रोग विषाणूचा आहे आणि कोणतेही जीवनसत्त्व तो बरा करत नाही. माणसांच्या सर्दीचेही तसेच. रोज गोळी घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते, एवढेच अभ्यासांतून दिसले आहे.

माशाला इतके खाऊ घातल्यावर ते खाणाऱ्याला मिळेल का, हा प्रश्न साहजिक आहे. मिळणार नाही. माशाच्या मांसात क जीवनसत्त्व नगण्यच असते, आणि तव्यावर तेही जाते. तळलेल्या तुकडीवर पिळलेल्या लिंबात ते त्याहून जास्त असते.