सोलापूरच्या उन्हात भूत जोलोकिया

आसामातल्या तेजपूरची भूत जोलोकिया ग्वाल्हेरला लावली आणि तिचा तिखटपणा निम्म्याहून खाली आला. दोन्हीकडच्या मिरच्यांची तपासणी करून शास्त्रज्ञांनी केलेली ही नोंद आहे. तापमान साधारण सारखंच होतं. फरक होता तो पावसाचा आणि हवेतल्या दमटपणाचा. बी मागवून गच्चीवर जोलोकिया लावायला निघालेल्या सोलापूरकराने ही नोंद आधी वाचावी, कारण आपलं हवामान तेजपूरपेक्षा ग्वाल्हेरच्या जवळचं. इथं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ मध्येच काढावं लागलं, यावरून काय ते समजावं.

ऊन जितकं कडक तितकी मिरची जहाल, हा आपला समज. पण मिरचीला तिखट व्हायचं कारण काय? याचं एक छान उत्तर बोलिव्हियाच्या जंगलात सापडलं. तिथल्या एका रानमिरचीची काही झाडं तिखट असतात, तर काही अगदी बिनतिखट. ढेकणाच्या कुळातले किडे सोंड खुपसून फळातला रस पितात, त्या छिद्रांतून बुरशी आत शिरते आणि बी मारते. मिरचीतलं कॅप्सेसिन या बुरशीला आवर घालतं. जिथं दमटपणा जास्त तिथं बुरशी जास्त, म्हणून तिखट झाडंही जास्त. मग कोरड्या भागात ती कमी का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की तिखट झाडांच्या पानांवर पर्णरंध्रं अधिक असतात, पाण्याची उधळपट्टी होते आणि टंचाईत त्यांना बिनतिखट झाडांच्या जेमतेम निम्मं बी धरतं. थोडक्यात, तिखटपणा ही पाणी असणाऱ्याची चैन. जोलोकियाची जात वेगळी, पण तीही ईशान्येच्या ओल्या हवेत वाढलेली.

‘पाणी तोडा, मिरची चढते’ असा सल्ला हमखास मिळतो. मवाळ वाणांत तो काही अंशी खराही ठरतो. थायलंडमधल्या प्रयोगांत मात्र आधीच जहाल असलेल्या वाणांना ताण देऊन काही लाभ झाला नाही. तेव्हा जोलोकियाला उपाशी ठेवू नये.

आकडे सांगायचे तर, अमेरिकी औषधतज्ज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्याची जीभ कधी शांत होते ते बघायचं. आता हे काम यंत्र करतं. याच मापावर २००७ मध्ये जोलोकियाने दहा लाखांचा टप्पा ओलांडल्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढे २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आली आणि २०२३ मध्ये २६ लाख ९३ हजारांची पेपर एक्स. ही शर्यत मला थोडी पोरकटच वाटते. शेंगाचटणीला यातलं काहीच लागत नाही.

तरी लावायचीच, तर हंगाम साधावा. बी एप्रिलात सावलीत टाकावं. ते उगवायला दोन-चार आठवडे घेतं, तेवढ्यात कुंडी उकरून बघायचा मोह आवरावा. मृगाच्या सरी झाल्या की रोप मोठ्या कुंडीत न्यावं. नुसती काळी माती भरू नये, पाणी धरून मुळं कुजतात. तीत शेणखत, कोकोपीट आणि थोडी वाळू मिसळावी. बी याआधीच टाकलं आणि फूल एप्रिल-मेमध्ये आलं, तर बहुतेक गळूनच जाणार. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम, म्हणजे परागकण निकामी होतात. गच्चीचा स्लॅब तर रात्रीसुद्धा तापलेला असतो. म्हणून कुंडी विटांवर उचलून ठेवावी, वर हिरवं शेडनेट बांधावं. खरा बहर सप्टेंबरनंतरचा. सप्टेंबर हा आपल्याकडचा पावसाचा महिना, पुढे रात्री निवतात, आणि त्या दिवसांत जोलोकियाला थोडंफार घरच्यासारखं वाटतं. पानं गोळा होऊ लागली, तर तो चुरडा-मुरडा. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांपैकी कुणीतरी पानामागे असतंच. निंबोळी अर्क लवकर फवारावा.

फळ पिकल्यावर हातमोजे घालून एक उभी चिरावी. साध्या मिरचीत तिखटपणा बियांत नसून त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गाभ्यात असतो. जोलोकियात मात्र सालीच्या आतल्या बाजूलाही बारीक पिवळसर, तेलकट थेंब दिसतात. तेही कॅप्सेसिनच. जिभेवरचं उष्णता ओळखणारं ग्राहक त्यानं फसतं. साधारण ४३ अंशांच्या चटक्याला उघडणारं दार कॅप्सेसिन चटका नसतानाच उघडतं आणि मेंदूला आग लागल्याचा निरोप जातो. हे ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांचं हेच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून बुलबुल पिकलेली मिरची खुशाल खाऊन जातो आणि बी दूर नेऊन टाकतो. आपण मात्र दही घ्यावं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन आणि स्निग्धांश त्याला धरून ठेवतात. शेंगाचटणीवर दही घेणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

शेजारच्या कुंडीत ढब्बू मिरची असेल, तर ती जोलोकियामुळे तिखट होईल या धास्तीने कुंड्या हलवू नयेत. कॅप्सेसिन तयार होतं तो गाभा आईच्या झाडाचा, परागाचा त्यात वाटा नाही. संकर होतो तो बियांत. म्हणून ढब्बूचं बी घरचं धरणार असाल, तर फुलांवर आधीच मलमलीची पिशवी बांधावी, नाहीतर पुढच्या वर्षीची भरली ढब्बू पाहुण्यांना वाढण्याआधी घरच्या कुणीतरी चाखून बघावी.