आजीच्या कपाटातला काळा रंग

ब्रिटनमध्ये १९८०च्या आसपास ज्या विशीतल्या मुली काळी मखमल, काळी लेस आणि पिंजारलेले केस अशा अवतारात रस्त्यावर दिसू लागल्या, त्या आता साठीत आहेत. बऱ्याच जणींनी तो वेष केव्हाच सोडला. ज्यांनी सोडला नाही, त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो: या वयात हे शोभतं का? आपल्याकडे ‘बुढी घोडी लाल लगाम’ म्हणून जो टोमणा मारतात, त्याच जातीचा हा प्रश्न. पण ‘गॉथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोशाखाचा मागोवा घेतला की टोमण्यातली हवाच निघून जाते. हे कपडे मुळात तरुणींचे नव्हतेच.

ते होते विधवांचे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा, प्रिन्स आल्बर्ट, डिसेंबर १८६१मध्ये वारला तेव्हा ती ४२ वर्षांची होती. १९०१मध्ये ८१व्या वर्षी ती गेली, तोपर्यंत तिने काळं सोडलं नाही. तिच्या काळातल्या खात्यापित्या घरांमध्ये विधवेच्या सुतकाचं वेळापत्रकच ठरलेलं असे. पहिलं वर्ष आणि वर एक दिवस निस्तेज क्रेपने मढवलेले काळे कपडे, मग एकेक सवलत, आणि अडीच वर्षांच्या अखेरच्या टप्प्यात कुठे करडा किंवा फिका जांभळा रंग. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ साली निव्वळ सुतकी कपड्यांचं भलंमोठं दुकान उघडलं होतं. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात तर या दुःखावर अख्खा धंदा उभा राहिला. तिथल्या कड्यांमध्ये सापडणारं जेट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाचं काळंभोर अश्मीभूत रूप, घासूनपुसून त्याचे दागिने होत आणि ते सुतकात चालत. आपल्याकडच्या ब्राह्मण विधवेच्या नशिबी तांबडं आलवण आलं, तिकडच्या विधवेच्या नशिबी काळं क्रेप. रंग वेगळे, हुकूम एकाच जातीचा.

आता शंभर वर्षं पुढे या. सप्टेंबर १९७६मध्ये लंडनच्या ‘हंड्रेड क्लब’मधल्या पंक महोत्सवात सूझी सू नावाची १९ वर्षांची मुलगी आयत्या वेळी जमवलेल्या साथीदारांना घेऊन मंचावर चढली. तिच्या ‘सूझी अँड द बॅन्शीज’ बँडमधून, ऑगस्ट १९७९मधल्या ‘बाउहाउस’ बँडच्या नऊ मिनिटांहून लांब ‘बेला लुगोसीज डेड’ या गाण्यातून आणि लीड्सच्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’मधून एक अंधारं, सावकाश, नाट्यमय संगीत पुढे आलं. जुलै १९८२मध्ये लंडनच्या सोहोत ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला आणि या मंडळींना भेटायला हक्काची जागा मिळाली. सूझीने स्वतःवर ‘गॉथ’ हा शिक्का कधीच मनापासून मारू दिला नाही. पण तिच्या डोळ्यांभोवतीच्या काळ्या कोनदार रेषा आणि पिंजारलेले केस हजारो मुलींनी आरशासमोर उभं राहून गिरवले.

या मुलींकडे पैसे नव्हते आणि तयार गॉथ कपडे विकणारी दुकानंही जवळपास नव्हती. मग चर्चच्या आवारातले जुन्या वस्तूंचे बाजार आणि धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकानं धुंडाळायची, कोणाच्या तरी मेलेल्या आजीचा मखमली कोट, लेसचे हातमोजे, जेटचा ब्रोच उचलायचा आणि घरी येऊन त्याची उसवाउसव करायची. पांढरा फटफटीत चेहरा, गडद ओठ, केसांना नागमोडी घड्या पाडणारा चिमटा आणि डबाभर स्प्रे. मुलींनी आजीचा पोशाख घेतला, पण त्याच्यामागचं वेळापत्रक फेकून दिलं. कोणी मेलेलं नसताना आणि कोणाची परवानगी न घेता काळं घालायचं, यात बंडखोरी होती. १९८०च्या दशकातल्या चटकदार गुलाबी-निळ्या फॅशनच्या गर्दीत तर ती फारच उठून दिसे.

दशक संपता संपता प्रसिद्धीचा झोत दुसरीकडे वळला, आणि पुढची वर्षं टिकून राहण्याची ठरली. १९९२पासून जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये दर वर्षी ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’ हा गॉथ मंडळींचा मेळा भरू लागला. १९९४मध्ये पत्रमैत्रीतून जमलेल्या थोड्या मंडळींनी व्हिटबीत पहिला ‘गॉथ वीकेंड’ भरवला. ब्रॅम स्टोकरच्या १८९७मधल्या कादंबरीत ड्रॅक्युलाचं जहाज याच किनाऱ्याला लागतं, म्हणून व्हिटबी. सुतकाच्या दागिन्यांचं हे गाव पुन्हा काळ्या कपड्यांनी भरून जाऊ लागलं. मठाच्या भग्न अवशेषांकडे नेणाऱ्या १९९ पायऱ्यांवर मखमली घोळ सावरत चढणाऱ्या बायका हे तिथलं नेहमीचं दृश्य झालं, आणि जेटच्या दुकानदारांना नवं गिऱ्हाईक मिळालं.

मोठ्या बायकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. फॅशनच्या इतर जगात आदर्श म्हणून सतरा-अठरा वर्षांची मुलगी पुढे केली जाते. गॉथ जगाने पूजली ती मॉर्टिशिया ॲडम्स. चार्ल्स ॲडम्सच्या व्यंगचित्रांतून १९३८पासून घडत गेलेली ही बाई संसार करणारी, दोन मुलांची आई. १९९१च्या चित्रपटात अँजेलिका ह्यूस्टनने तिला पडद्यावर आणलं तेव्हा ती स्वतः चाळिशीला आली होती. म्हणजे या शैलीच्या कल्पनेत प्रौढ बाईला पहिल्यापासून मानाची खुर्ची होती.

रस्त्यावर मात्र तो मान मिळत नव्हता. ऑगस्ट २००७मध्ये लँकशरमधल्या बेकप गावच्या बागेत २० वर्षांची सोफी लँकॅस्टर आणि तिचा मित्र यांच्यावर पोरांच्या टोळक्याने हल्ला केला. त्या दोघांचा गुन्हा इतकाच, की ती गॉथ दिसत होती. सोफी वाचली नाही. तिची आई सिल्व्हिया स्वतः गॉथ नव्हती, पण २०२२मध्ये निधन होईपर्यंत मुलीच्या नावाची संस्था चालवत ती शाळाशाळांतून आणि पोलिसांपुढे बोलत राहिली. २०१३मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा वेगळ्या वेषाच्या लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. ज्या बायका सोफी गेली तेव्हा चाळिशीत होत्या, त्यांच्या दृष्टीने हा वेष निव्वळ हौसेचा उरला नाही. तो घालत राहणं ही एक भूमिका झाली.

त्याच सुमाराला अभ्यासकांचंही लक्ष या पिढीकडे गेलं. समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन यांनी २००२मध्ये गॉथ समाजावर पुस्तक लिहिलं होतं, तेही आतून, स्वतः त्या जगात वावरत. २०११मध्ये त्यांनी वय वाढलेल्या गॉथ मंडळींवर लेख लिहिला. त्यांना दिसलं, की माणसं ही शैली सोडण्याऐवजी तिला आपल्या नोकरीत, मुलाबाळांत आणि बदलत्या शरीरात बसवून घेतात. आणि सगळा गोतावळा एकदमच म्हातारा होत असल्याने तसं करणं सोपं जातं.

हे बसवणं म्हणजे रोजची कारागिरी असते. पांढरा जाड मेकअप सुरकुत्यांत जाऊन बसतो, म्हणून तो जातो आणि त्वचा तिच्या रंगात राहते. काळी लिपस्टिक ओठांभोवतीच्या बारीक रेषांत पसरते. तिच्या जागी वाइनसारखा गडद लाल येतो. डोळ्यांची रेघ ओढायला चष्मा लागतो आणि चष्मा लावला की रेघ ओढता येत नाही. काळ्या कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची काहींना ॲलर्जी असते, तर काहींना दर पंधरा दिवसांनी मुळं रंगवायचा कंटाळा येतो. मग पांढरे केस मोकळे सोडले जातात आणि काळ्या मखमलीवर ते आजवरच्या कुठल्याही रंगापेक्षा जास्त गॉथ दिसतात. रजोनिवृत्तीच्या वाफांपुढे कॉर्सेट टिकत नाही, तिथे सैल लांब कोट येतो. गुडघ्यांमुळे उंच टाचा जाऊन सपाट बूट येतात. चांदीच्या अंगठ्या सुजलेल्या सांध्यांवरून उतरत नाहीत, म्हणून त्या गळ्यातल्या साखळीत जातात. एकेक वस्तू बदलते, पण एकूण आकृती ओळखू येते.

रंगमंचानेही हेच दाखवलं. दहा वर्षांच्या खंडानंतर सूझी २०२३मध्ये पुन्हा गायला उभी राहिली, वयाच्या ६५व्या वर्षी. पुढच्या वर्षी ‘द क्युअर’ बँडचा रॉबर्ट स्मिथ ६५व्या वर्षी तीच विस्कटलेली लिपस्टिक आणि तेच पिंजारलेले केस घेऊन नव्या अल्बमसह ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर आला. पण त्याच्या अवताराला लोक ‘आपला रॉबर्ट’ म्हणून माया लावतात, आणि तोच अवतार शेजारच्या बाईने केला की तिला वयाची आठवण करून देतात. गॉथ जगात पुरुषाने काजळ घालावं इतकी मोकळीक होती, तरी म्हातारपणाची दुहेरी मापं तिथेही चुकली नाहीत.

२०२२मध्ये ‘वेन्सडे’ मालिका आली आणि गॉथ मुलींची नवी लाट उसळली. त्या मुलींना एक गोष्ट आयती मिळाली आहे, जी १९८०मध्ये कोणाकडेच नव्हती. तेव्हाच्या वीस वर्षांच्या मुलीला आपण साठाव्या वर्षी कशा दिसू हे पाहायचं असेल, तर समोर राणी व्हिक्टोरियाचा फोटो होता, नाहीतर मॉर्टिशियाचं चित्र. आजची सोळा वर्षांची मुलगी व्हिटबीला गेली तर तिला पांढऱ्या केसांच्या, पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्या, खदखदून हसणाऱ्या खऱ्या बायका भेटतात. ऐंशी वर्षांची गॉथ बाई कशी असते, याचा नमुना मात्र अजून तयार व्हायचा आहे. विधवेला तो समाजाने शिवून दिला होता. या बायकांना तो स्वतःच बेतावा लागेल, आणि उसवाउसव करून नवं शिवायची सवय त्यांना विशीपासूनची आहे.