हळदीचा कागद व तरंगती सुई

विज्ञानाचा पाठ केवळ वाचून संपविल्यास मुलांच्या हाती शब्द तेवढे राहतात. पुढील दोन पाठांस प्रयोगशाळा लागत नाही. मात्र काय घडेल हे शिक्षकांनी आधी सांगू नये; मुलांनी आपला अंदाज वहीत लिहून मग प्रयोग करावा.

पहिला पाठ रसायनाचा. पाण्यात कालविलेली हळद कागदास लावून तो वाळवावा व त्याच्या पट्ट्या कापाव्या. चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच पट्टी तांबडी होते. हळदीचे कुंकू करताना हाच गुण उपयोगी पडतो. निवळी शिक्षकांनी स्वतः करावी. ती डोळ्यांत जाऊ देऊ नये. चिंचेच्या किंवा साध्या पाण्याने पिवळी पट्टी बदलत नाही. मग ही दोन्ही सारखीच काय? तांबड्या पट्टीवर त्यांचे थेंब टाकावे. चिंचेने ती पुन्हा पिवळी होते.

दुसरा पाठ चुंबकाचा. सुईवरून लोहचुंबकाचे एकच टोक एकाच दिशेने तीसेक वेळा फिरवावे. परतताना ते उचलून घ्यावे. पितळी परातीतील पाण्यावर वाळके पान सोडून त्यावर सुई ठेवावी. ती दक्षिणोत्तर स्थिरावते. दुसऱ्या परातीत न घासलेली सुई अवश्य सोडावी. तीही तशीच वळल्यास ती पूर्वी चुंबकाजवळ होती काय, हे शोधावे.

साधे पाणी व न घासलेली सुई वगळल्यास प्रयोग केवळ गंमत ठरतो. तुलनेनेच मुलास कारण सापडते.