शाहिराची झोळी



शारजाच्या उन्हात दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नाही. त्यामुळे दर शनिवारी लेकीचे मित्र-मैत्रिणी आमच्याकडे जमतात आणि जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' रंगतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. एखादी गोष्ट जमली की फसली, ते २० बाजूंचा फासा ठरवतो.

लेकीने 'बार्ड' घेतला. बार्ड म्हणजे गाण्या-बोलण्यातून जादू करणारा. आम्ही म्हटलं, अगं, हा तर आपला शाहीर! अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास, सिंहगडाचा पोवाडा रचणारा तुळशीदास, त्यांच्याच जातकुळीतला. स्वारी खूश झाली. पण तिसऱ्या लेव्हलपर्यंत येता येता म्हणू लागली, "माझा बार्ड काहीच कामाचा नाही. मी नाही खेळणार आता." मग आम्ही तिचा कागद घेऊन बसलो. नियम २०२४ सालच्या पुस्तकाचे होते.

पहिली चूक आमचीच

शाहीर मावळ्यांबरोबर लढाईला जाणार म्हणून आम्हीच तिला ताकदीवर भर द्यायला सांगितलं होतं. ताकद १७, करिष्मा १३. पण बार्डची जादू करिष्म्यावर चालते. मंत्र चुकवायला शत्रूला जो आकडा गाठावा लागतो, तो ८ अधिक प्रावीण्याचे २ अधिक करिष्म्याचा बोनस. १३ ला बोनस १, म्हणजे एकूण ११. १७ ला बोनस ३, म्हणजे १३. शिवाय सोबत्याला स्फूर्तीचा जादा फासा दिवसातून किती वेळा देता येतो, तेही याच बोनसवर ठरतं. तिला एकदाच मिळत होता, आता तीनदा. थोडक्यात, करिष्मा आधी, मग चपळाई आणि काटकपणा. ताकद शेवटी.

सहा मंत्र, पण एका वेळी एकच

तिसऱ्या लेव्हलला बार्डकडे सहा मंत्र असतात. तिने घेतले होते फेअरी फायर, हिरोइझम, बेन, हिडियस लाफ्टर, होल्ड पर्सन आणि हीट मेटल. एकेक पाहिला तर चांगलाच. पण या सहाही मंत्रांना एकाग्रता लागते, आणि एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र राहता येतं. दुसरा म्हटला की पहिला सुटला! वार बसला तरी एकाग्रता मोडू शकते. म्हणजे झोळी भरलेली, पण हात बांधलेले.

आम्ही प्रत्येक मंत्राला विचारलं, तुझं काम काय? मग नवी यादी अशी झाली:

- हीलिंग वर्ड: पडलेल्या सोबत्याला ६० फुटांवरून उठवतो, तोही जादा कृतीत.
- फेअरी फायर: शत्रू उजळतात, सगळ्यांचे वार सोपे होतात. एकाग्रता लागते.
- डिसोनंट व्हिस्पर्स: शत्रू घाबरून पळतो, पळताना शेजारचा सोबती वार करतो.
- शॅटर: घोळक्यावर एकदम मारा.
- सजेशन: लढाईऐवजी बोलून काम काढायचं. एकाग्रता लागते.
- कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस: दहा मिनिटं जास्त देऊन विधी म्हणून केला तर स्लॉट खर्च होत नाही.

एकाग्रतेचे दोनच, एक लढाईसाठी, एक बोलण्यासाठी. शिवाय 'व्हिशस मॉकरी' हा छोटा मंत्र होताच. टोमणा मारायचा, शत्रूला लागतं आणि त्याचा पुढचा वार ढिला पडतो. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्यांना हे सांगायला नकोच.

बदल करायचा कसा?

नियमाने प्रत्येक नव्या बार्ड लेव्हलला एकच मंत्र बदलता येतो. अख्खं पात्र नव्याने मांडायचं तर डंजन मास्टरची परवानगी हवी, आणि ती लढाईच्या मध्ये नाही, दोन डावांच्या मध्ये मागावी. लेकीने फोन करून मागितली, मिळाली.

पुढच्या शनिवारी त्यांचा योद्धा कोसळला. लेकीने हीलिंग वर्ड म्हटला, तो उठला, आणि उरलेल्या स्फूर्तीच्या फाशावर त्यानेच राक्षस पाडला. शेवटचा वार तिचा नव्हता, पण टेबलावर सगळ्यांनी जल्लोष तिच्या नावाने केला. रात्री झोपताना तिने विचारलं, "तो अज्ञानदास स्वतः लढला होता का?" आता पोवाडा नीट ऐकवायची पाळी आमची आहे.