इंटरनेटचे क्रमांक आणि बाभळीचे पाणी

नांदेड जिल्ह्यातील ग्रामपंचायतीच्या संगणकावरून जन्माचा दाखला निघतो अथवा लातूरच्या विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज ऑनलाईन भरला जातो, तेव्हा त्या माहितीला आपला मार्ग सापडतो तो एका क्रमांकामुळे. हा क्रमांक म्हणजे इंटरनेटवरील पत्ताच होय. एकच पत्ता दोघांना दिला गेला, तर टपाल भलत्याच दारी जावयाचे. जुन्या पद्धतीचे असे क्रमांक एकंदर सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. क्रमांकांची लांबी वाढवून नवी पद्धत त्याआधीच योजण्यात आलेली असली, तरी जुन्या क्रमांकांची मागणी ओसरलेली नाही. वस्तू मर्यादित असली की तिचे वाटप कोणी व कोणत्या अधिकाराने करावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतोच.

या क्रमांकांच्या बाबतीत त्याचे उत्तर काहीसे विलक्षण आहे. कोणत्याही संसदेने कायदा करून ही व्यवस्था निर्माण केलेली नाही. जगात पाच प्रादेशिक नोंदणी संस्था असून आशिया-प्रशांत विभागाची संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. आपल्या देशाची नोंदणी २०१२ पासून 'निक्सी' या संस्थेमार्फत होते. वाटपाचे नियम खुल्या बैठकीत सहमतीने ठरतात. तेथे मतमोजणी नसते. हरकती किती जणांनी घेतल्या यापेक्षा त्यांत तथ्य किती, याचा विचार करून अध्यक्ष सहमती झाली किंवा नाही हे जाहीर करतात आणि मग कार्यकारी परिषद त्यावर मान्यतेची मोहर उठविते. ज्यांनी ग्रामसभा चालविल्या आहेत, त्यांना या रीतीचे गुण व तिच्यातील दमछाक, दोन्ही सांगावयास नकोत.

तथापि, सहमतीने ठरलेला नियम एखाद्याने जुमानला नाही तर काय? या संस्थांच्या हाती असतो तो केवळ सदस्याशी केलेला करार. आफ्रिका खंडाच्या नोंदणी संस्थेने कराराचा भंग झाल्याच्या कारणावरून एका सदस्य कंपनीचे क्रमांक परत घेण्याचे ठरविले, तेव्हा प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेले. २०२१ साली न्यायालयाच्या आदेशाने संस्थेची बँकखाती गोठविली गेली. पुढे संचालक मंडळाची गणसंख्याही उरली नाही. २०२३ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर नेमला व नवे मंडळ निवडून येण्यास सप्टेंबर २०२५ उजाडले. एका खंडाची व्यवस्था अशा रीतीने एका देशाच्या कंपनी कायद्यात अडकून पडली.

गोदावरीकाठच्या वाचकांना येथे बाभळीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांनी आपसांत करार केला. पैठण धरणाच्या खाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राने वापरावे, असे त्यात ठरले. हीदेखील सहमतीच होती. परंतु १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा अधिनियमाखाली नेमलेल्या लवादाने १९८० च्या निवाड्यात तिचा समावेश केला व तिला कायद्याचे बळ प्राप्त झाले. म्हणूनच धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्यावरून वाद पेटला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला २८ फेब्रुवारी २०१३ रोजी त्या कराराच्या आधारेच निर्णय देता आला. बंधारा राहिला. मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावयाचे, १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे आणि त्यावर त्रिसदस्य समितीने देखरेख ठेवावयाची, असे बंधनही आले. ऐन पावसाळ्यात उघडे दरवाजे पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे बंधन जाचते, हे खरे.

क्रमांकांच्या बाबतीत आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने एक पाऊल टाकले आहे. केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी वाटलेले दूरसंचार ओळखक्रमांक वापरू देण्याची तरतूद त्यात आहे. वाटपाचे नियम मात्र आजही त्या खुल्या बैठकीतच ठरतात. तेथे प्रस्ताव मांडण्यास संस्थेचे सदस्यत्व लागत नाही. नांदेडचा प्राध्यापक किंवा लातुरात इंटरनेट पुरविणारा लहान व्यावसायिकही तो मांडू शकतो.